पानाचे शॉर्टकट, वाचकाच्या कळा
वेबपानावर माऊसशिवाय, टॅब दाबत एका दुव्यावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय जुनी. तिच्याबद्दल कधी भांडण नव्हते. भांडण झाले ते डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० (वेबपाने लिहिण्याची भाषा) सोबत आलेल्या ‘ॲक्सेसकी’वरून. पान बनवणाऱ्याने दुव्याला एक अक्षर नेमायचे, वाचकाने ते ऑल्टबरोबर दाबायचे. १९९९ च्या सुगम्यता निकषांनी (अपंगांनाही संकेतस्थळे वापरता यावीत म्हणून केलेले ‘डब्ल्यूसीएजी’ हे नियम) महत्त्वाच्या दुव्यांना असे शॉर्टकट द्यायला सांगितले. काही सरकारी संकेतस्थळांनी आकडेही ठरवले: १ मुख्यपान, ४ शोध.

वापरात मात्र हे कोलमडले. विंडोजवर ऑल्ट+डी ॲड्रेस बारकडे नेते. पानाने ‘डी’ घेतला की ती आज्ञा चालेनाशी व्हायची आणि ज्याचे सगळे काम कीबोर्डवर, त्याचीच अडचण व्हायची. त्यात प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दुवा नुसता निवडला जाई, उघडायला पुन्हा एंटर. फायरफॉक्सने २००६ मध्ये विंडोजवर ऑल्ट+शिफ्ट केले; मॅकवर आज कंट्रोल+ऑप्शन. कुठले अक्षर कशासाठी, हे पानावर दिसतही नसे. २००८ च्या निकषांत ही शिफारस उरली नाही, आणि ते योग्यच झाले. एचटीएमएलमध्ये ॲक्सेसकी अजून आहे, म्हणून ती अजूनही हौसेने वापरली जाते.

२००८ नंतर भर आला तो सगळे कीबोर्डने चालण्यावर, फोकस (कीबोर्डने सध्या निवडलेला घटक) दिसण्यावर आणि तो कुठे न अडकण्यावर. मेनू ओलांडून थेट मजकुराकडे नेणारा, पहिल्याच टॅबला येणारा ‘मुख्य मजकुराकडे जा’ हा दुवा त्यातलाच. तो ‘डिस्प्ले: नन’ या सीएसएस (पानाची मांडणी ठरवणाऱ्या) नियमाने लपवला तर टॅब त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काही जुन्या ब्राउझरमध्ये हा दुवा उघडल्यावर पान खाली सरके, पण पुढचा टॅब पुन्हा मेनूत जाई; मजकुराच्या भागाला ‘टॅबइंडेक्स’ (फोकस कुठे जाऊ शकतो हे सांगणारा एचटीएमएलमधला गुणधर्म) -१ दिला की हे थांबते.

स्क्रीन रीडरने (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने) एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते, पण शीर्षके एचटीएमएलच्या खऱ्या शीर्षक-टॅगमध्ये (खुणांमध्ये) हवीत; नुसती ठळक अक्षरे त्याला सापडत नाहीत.

पुढे वेब ॲप्सनी एकेका अक्षराचे शॉर्टकट आणले आणि जुनाच प्रश्न परतला. आवाजाने संगणक चालवणाऱ्याचे बोललेले शब्द अक्षरे म्हणून पोचतात. एका वाक्यात चार आज्ञा सुटू शकतात. म्हणून २०१८ पासून निकष सांगतात: असे शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत किंवा त्या घटकावर फोकस असतानाच चालावेत. २०२३ मध्ये आणखी एक भर पडली: फोकस असलेला घटक पान सरकवले तरी वर चिकटून राहणाऱ्या पट्टीखाली पूर्ण झाकला जाऊ नये. सीएसएसमधले ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ (पान सरकताना वर सोडायची जागा) पट्टीच्या उंचीइतके ठेवले की बहुतेक वेळा हे साधते.