ख्रिस्ती साक्ष (कोकण किनारपट्टी)

ख्रिस्ती साक्ष : येशू ख्रिस्तावरची आपली श्रद्धा रोजच्या जगण्यातून, बोलण्यातून आणि सेवेतून दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा ख्रिस्ती आचार. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याला ‘साक्ष देणे’ म्हणतात, कॅथलिकांमध्ये ‘सुवार्ता सांगणे’ हा प्रयोग अधिक ऐकू येतो. सुवार्ता आणि शुभवर्तमान या दोन्ही शब्दांचा अर्थ चांगली बातमी असाच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. धर्मगुरूंचे प्रवचन आणि मिशनरी संस्थांचे कार्य हे विषय जवळचे असले तरी वेगळे आहेत. या नोंदीत मुख्यतः प्रापंचिकांचा, म्हणजे घरसंसार आणि कामधंदा सांभाळणाऱ्या सामान्य श्रद्धावंतांचा विचार केला आहे : वसईचा शेतकरी, पाचूबंदरची कोळीण, सावंतवाडीची शिक्षिका, बोटीवर जाणारा गोव्याचा तारवटी.

आधार : येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले (मत्तय २८) ही आज्ञा सर्वांत प्रसिद्ध आहे. रोजच्या साक्षीसाठी मात्र नव्या करारातले आणखी तीन उतारे जास्त उपयोगी पडतात. पहिला डोंगरावरील प्रवचनातला, जिथे येशू शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतो. वसई-पालघरच्या खाडीकाठी मिठागरे पाहिलेल्या आणि पावसाळ्यासाठी मासळी खारवणाऱ्या माणसाला ही उपमा फोडून सांगावी लागत नाही. मीठ थोडे लागते, ते दिसत नाही, आणि जास्त झाले तर घास तोंडात धरवत नाही. दुसरा उतारा योहानाच्या शुभवर्तमानातला. शोमरोनी स्त्री विहिरीवर येशूशी बोलते, घागर तिथेच सोडून गावात धावते आणि लोकांना फक्त ‘येऊन पाहा’ म्हणते. तिने वाद घातला नाही. तिसरा उतारा पेत्राच्या पहिल्या पत्रातला (३:१५) : तुमच्या आशेचे कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यपणे आणि आदराने द्या. कोकणातल्या साक्षीचा इतिहास वाचताना हे ‘जो विचारेल त्याला’ पुन्हा पुन्हा आठवते. विचारण्याआधी लादले तेव्हा इथे जखमा झाल्या. कोणी विचारले आणि मग सांगितले, तेव्हा टिकाऊ काही घडले.

सोळावे-सतरावे शतक : संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते गल्ल्यांतून फिरत, मुलांना आणि नोकरचाकरांना हाक मारत, त्यांना चर्चमध्ये नेऊन धर्मशिक्षण देत. शिकवण ते गाण्यांत बसवत, म्हणजे ती मुलांच्या तोंडी राही आणि मुलांबरोबर घरी पोहोचे. पण त्याच काळात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, सासष्टी आणि बारदेशात देवळे पाडली, हिंदूंच्या सणसमारंभांवर बंदी घातली, आणि १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, बसवली. मधली काही वर्षे सोडली तर ती १८१२ पर्यंत चालली. कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, आणि देवांबरोबर माणसेही परागंदा झाली. या गोष्टी ख्रिस्ती माणसाने झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आजही किनाऱ्यावर कोणी शेजाऱ्यापुढे येशूचे नाव काढले, तर ऐकणाऱ्याच्या घरी ही आठवण पिढीजात असू शकते. तिची कदर न करता दिलेली साक्ष ऐकून घेतली जात नाही.

जबरदस्तीच्या त्याच काळात सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) काम करत होते. हे इंग्लंडातले जेझुइट (येशूसंघीय धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. हे महाकाव्य मराठी ओवीत, पोथीच्या वळणाने, सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याच्या आरंभीचा प्रसंग या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती गुरूला विचारतो : आमची मागची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुराण उभे राहते. माणसाचा देव बदलला तरी त्याचा कान, त्याची लय आणि सांजवेळी पोथी ऐकण्याची त्याची ओढ बदलत नाही, हे स्टीफन्स यांना समजले. त्यांच्यानंतर किनाऱ्यावर ज्यांची साक्ष मनाला भिडली, त्या बहुतेकांनी हीच वाट धरली आहे.

याच किनाऱ्यावरचे दोन साक्षीदार पुढे संत ठरले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानमध्ये आधी व्यापारी होते. तिथली भाषा अवगत असल्यामुळे फ्रान्सिस्कन मंडळींचे ते दुभाषी झाले. ते शेवटपर्यंत धर्मगुरू नव्हते, साधे धर्मबंधू होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मरण आले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ हे मात्र धर्मगुरू. डच सत्तेने कॅथलिकांवर बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते १६८७ मध्ये मजुराच्या वेषात शिरले, दारोदार फिरले आणि आजाऱ्यांची सेवा करत राहिले. त्यांना २०१५ मध्ये संत घोषित केले गेले.

१७३९ नंतरची वसई : चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज निघून गेले. तहात ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मुभा होती, पण राजसत्तेची पाठ आता उरली नव्हती. तरीही सामवेदी (कुपारी), वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती समाज टिकले. प्रस्तुत लेखकाच्या मते वसईच्या ख्रिस्ती इतिहासाचे खरे पर्व इथून सुरू होते. सत्तेचा आधार गेल्यावर श्रद्धा घरातल्या बायकांच्या तोंडी, सांजच्या प्रार्थनेत आणि लग्नाच्या गाण्यांत जगली. सामवेदी बोली, लाल लुगडे, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, शेजाऱ्याशी असलेला जुना बांधाबांधाचा संबंध, हे काहीच सुटले नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे नव्हे, हे या समाजाने आपल्या जगण्यातून दाखवले, आणि आजूबाजूच्या हिंदू गावांना ख्रिस्ती धर्माची ओळख पुस्तकाआधी अशा शेजारातून झाली.

छापील शब्द आणि आगगाडीतली भेट : एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावर प्रोटेस्टंट मिशनरी आले. स्कॉटिश मिशनने १८२३ पासून बाणकोट आणि हर्णै भागात शाळा चालवल्या. मुंबईत अमेरिकन मराठी मिशन त्याआधीच, १८१३ पासून, काम करत होते. शाळा, छापखाना आणि मराठी बायबल यांमुळे साक्षीचे एक नवे साधन हाती आले, ते म्हणजे पुस्तक देणे.

त्याचे सर्वांत हृद्य उदाहरण कोकणच्याच मुलाचे आहे. दापोलीजवळच्या करजगावात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने टिळकांच्या कवितेचे कौतुक केले, धर्मावर आदराने बोलला आणि उतरताना नवा करार हातात ठेवला.  टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अनोळखी माणसाने आधी ऐकून घेतले, मग थोडे सांगितले आणि पुढचे त्या माणसावर आणि देवावर सोपवले. रोजच्या साक्षीचा याहून चांगला नमुना मराठीत सापडणे कठीण.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्याने घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, त्यांनी अपार दुःख सोसले. नंतर त्या नवऱ्याजवळ परत आल्या तरी आपला धर्म धरून राहिल्या, सोवळेओवळे पाळत राहिल्या. स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी, काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरातल्या माणसाला साक्ष देणे सर्वांत अवघड असते, कारण त्याला आपले सगळे दोष ठाऊक असतात. त्यात घाई चालत नाही. टिळकांनी पुढे अभंगाच्या वळणाची भजने लिहिली. ती आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत म्हटली जातात.

आजचा व्यवहार : २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २५ टक्के, तर महाराष्ट्रात १ टक्क्याहून थोडी कमी आहे. त्यामुळे साक्षीचे रूपही गावागणिक बदलते. गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती माणूस ओळखीचा असतो, त्याच्याविषयी कुतूहल कमी आणि अपेक्षा जास्त असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या एखाद्या वाडीत दोनच ख्रिस्ती घरे असली, तर त्यांच्या प्रत्येक कृतीकडे ‘ख्रिस्ती लोक असे वागतात’ म्हणून पाहिले जाते.

बहुतेक संभाषणे सणांतून आणि जेवणातून सुरू होतात. नाताळात फराळाची ताटे शेजारी जातात, जशी दिवाळीत तिकडून येतात, आणि गोठ्याचा देखावा पाहायला आलेले पोर विचारते, बाळ गुरांच्या गोठ्यात का? ईस्टरआधीच्या उपवासकाळात ख्रिस्ती माणूस मटण नाकारतो तेव्हा सिंधुदुर्गात सहज विचारणा होते, ‘तुमी उपास कित्याक करतास?’ हा प्रश्न फार मोठी संधी आहे, आणि ‘आमच्यात असतं तसं’ एवढ्यावर तो घालवणारे बरेच असतात. उपासाचे वाचलेले पैसे गरजूला द्यायचे असतात, येशूच्या दुःखाशी आपले मन जोडायचे असते, हे दोन वाक्यांत सांगता येते. मे आणि ऑक्टोबर महिन्यांत रस्त्याकडेच्या क्रुसापाशी रोझरी (मरियेची जपमाळ) म्हटली जाते, उत्तर कोकणात ईस्ट इंडियन (तिथला मूळचा ख्रिस्ती समाज) लोक ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांचा आगेरा साजरा करतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला कोळी आपल्या होड्यांना आशीर्वाद घेतात. वाऱ्यापावसावर जगणाऱ्या माणसाला ‘देवा, सांभाळ’ या प्रार्थनेचा अर्थ धर्म न विचारता कळतो.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (मरियेला) हिंदू भाविक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल वाहतात. वांद्र्याच्या मोतमावलीच्या (माउंट मेरीच्या) सप्टेंबरमधल्या जत्रेत मेणबत्त्या घेऊन सर्व धर्मांचे लोक रांगेत उभे असतात. नवस म्हणजे साक्ष नव्हे. तरी रांगेत शेजारी उभ्या असलेल्या बाईने आजारी मुलासाठी मेणाची बाहुली आणली असेल, तर तिची चौकशी करणे, तिच्या मुलाचे नाव विचारणे आणि ‘मीही त्याच्यासाठी प्रार्थना करते’ म्हणणे, हे मोठ्या प्रवचनाच्या तोडीचे आहे.

सेवा ही तर साक्षीची जुनी वाट. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी रुग्णालय चालवले. वसईत सार्वजनिक प्रश्नांवर उभे राहण्यातूनही ही साक्ष दिली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि शेती वाचवण्यासाठी सर्व धर्मांच्या वसईकरांना एकत्र केले. १९५५ पासून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली होतीच, त्यामुळे लग्नाला किंवा मयताला आलेल्या हिंदू शेजाऱ्यालाही आत काय म्हटले जाते ते समजू लागले.

मर्यादा : भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. खुद्द ख्रिस्ती शिकवणीतही धर्मांतर घडवणे हे माणसाचे काम मानलेले नाही, ते पवित्र आत्म्याचे काम आहे. म्हणून आमिष दाखवणे, आजारपणाच्या भीतीचा फायदा घेणे, आईबापांच्या नकळत मुलांना शिकवणे, किंवा दुसऱ्याच्या देवाची टवाळी करणे हे कायद्याआधी सुवार्तेच्याच विरुद्ध आहे. आजाऱ्याच्या खाटेपाशी ‘प्रार्थना करू का?’ असे विचारावे, आणि नको म्हटले तर पेज भरवून परत यावे.

मयताचे घर : किनाऱ्यावर खोल बोलणे बहुधा मयताच्या घरी होते. कोकणात मरणाला गाव जमतो. ख्रिस्ती घरी प्रेत असताना रात्रभर प्रार्थना आणि गाणी चालतात, शेजारी येऊन बसतात, चहा होतो. पुनरुत्थानावरची श्रद्धा इथे ऐकावी लागत नाही, ती दिसते, किंवा दिसत नाही. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी वसईच्या दफनभूमीत थडगी फुलांनी सजतात आणि सांजेला मेणबत्त्या लागतात. ओळखीचे हिंदू लोकही जुन्या मित्राच्या किंवा मास्तरांच्या थडग्यापाशी येतात. त्यातला कोणी हळूच विचारतो, ‘तुमच्यात पुन्हा भेट होते म्हणतात, खरंच का?’ ज्याला विचारले त्याने तेव्हा आपल्याला वाटते तेच सांगावे, आणि त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहावे.