डूम, काच आणि फुल बॉडी : पीबी रोडवरच्या वाऱ्याची पार्श्वभूमी

आषाढात मोटरसायकलवरून निपाणीहून बेळगावला गेलं की उजवा खांदा भरून येतो, परतताना डावा. पीबी रोड, म्हणजे पुणे-बेंगळूरु महामार्ग, इथे साधारण उत्तर-दक्षिण धावतो आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून सह्याद्री ओलांडून येतो, त्यामुळे तो लागतो बाजूनेच. गाडी सरळ ठेवायची तर वाऱ्याच्या बाजूची मूठ पुढे रेटत राहावी लागते, म्हणजे गाडी वाऱ्याकडे किंचित कलून चालते. ताशी ८० च्या वेगात ताशी ३० चा आडवा वारा आला, तर गाडीला तो सुमारे २० अंश तिरका लागतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत झालेलं आहे. पन्नासचे शंभर केले की तो चौपट.

‘फुल बॉडी नगं, वाऱ्यात वढतीया,’ हा सल्ला सीमाभागातल्या प्रत्येक गॅरेजात मिळतो. फुल बॉडी म्हणजे गाडीला पुढून आणि बाजूंनी झाकणारं, वारा कापणारं कवच, इंग्रजीत फेअरिंग. तो कुठून आला हे पाहायचं, तर आधी युरोपातल्या १९५७ सालाकडे जावं लागतं.

त्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना पुढचं चाक पूर्ण गिळणारं कवच असे. दिसायचं कचऱ्याच्या डब्यासारखं, म्हणून नावही ‘डस्टबिन’. इटलीच्या मोटो गुझीने मांडेल्लोच्या कारखान्यात हवेचा झोत सोडून आकार तपासायचा स्वतःचा वायुबोगदा बांधला होता आणि तिची आठ सिलिंडरची ५०० सीसी गाडी ताशी पावणेतीनशेच्या आसपास पळत होती. मग शर्यतींचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५८ च्या हंगामापासून हे कवच बंद केलं. पुढचं चाक उघडं दिसलंच पाहिजे. कारण दिलं सुरक्षिततेचं. तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही.

बंदीची बाजू समजायला सोपी आहे. आडव्या वाऱ्याचा एकूण रेटा एका बिंदूवर येतो असं धरता येतं. तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे असला, तर वस्तू वातकुक्कुटासारखी वाऱ्याकडे तोंड करते. पुढे गेला, तर वारा तोंडच ढकलून देतो. डस्टबिनमध्ये सगळा पत्रा पुढे, मागे जवळजवळ काही नाही. शिवाय कवचाच्या आत हँडल पुरतं फिरत नसे, ब्रेकला हवा मिळत नसे. विरोधकांचं म्हणणं असं, की दोष कल्पनेत नव्हता, कारागिरीत होता. वायुबोगदा सगळ्यांकडे नव्हता, बरीच कवचं नजरेने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची. मागे पुरेशी शेपटी दिली असती तर तोच बिंदू मागे सरकला असता. पण पुढे शर्यतीच्या नियमांनी शेपटीलाही मर्यादा घातली. मला स्वतःला पुढचं चाक उघडं करणं योग्य वाटतं आणि शेपटी आखडणं अनाकलनीय. १९५७ च्या अखेरीस गुझीसह तीन इटालियन कंपन्यांनी शर्यतीच सोडल्या, त्यामुळे प्रयोग करायला पैसेवालंही फारसं कुणी उरलं नाही. उरली ती चाकामागून सुरू होणारी ‘डॉल्फिन’ फेअरिंग. आज दुकानात दिसते ती तिचीच नात. १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसने ती वायुबोगद्यात घडवून, थेट चॅसीला बसवून साध्या ग्राहकाला विकली.

आपल्याकडे तेव्हा बुलेट, राजदूत आणि येझदी. वेग पन्नास-साठ, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वडाची झाडं. वारा अडायचा. मग सुवर्ण चतुष्कोनात रस्ता चौपदरी झाला, झाडं गेली, भराव उंच झाले, आणि त्याच सुमारास, २००३ मध्ये, हीरो होंडाची करिझ्मा आली.

शब्दाचा घोळ तिथून सुरू झाला. त्याआधी स्प्लेंडरच्या हेडलाइटभोवतीचं प्लास्टिक म्हणजे ‘डूम’, आणि पावसाळ्यात वर क्लॅम्पने बसवायची ती ‘काच’. दोन्ही हँडलबरोबर फिरतात. करिझ्माची अर्धी फेअरिंग चॅसीला होती. एकाने नवी गाडी आमच्या गल्लीत आणली तेव्हा हँडल पुरं वळवलं तरी दिवा समोरच्या भिंतीवरच, हे बघून दोघांनी ‘दिवा जाम झालाय’ असं निदान केलं होतं. तरी गॅरेजात नाव पडलं डूमच. २००७ ची पल्सर २२०, २००८ ची आर१५, सगळं डूम.

पण वाऱ्यात हे दोन वेगळे प्राणी आहेत. काच हँडलला असली की प्रत्येक झोत थेट मुठीत येतो. हँडल थरथरतं, आपण आवळतो, आवळल्यावर जास्त थरथरतं. चॅसीवरच्या फेअरिंगमध्ये रेटा सांगाड्यात जातो. हँडल शांत राहतं आणि अख्खी गाडी हातभर बाजूला सरकते. वंटमुरी घाटातल्या कापलेल्या दरडीमागून उघड्यावर आलं की हे कळतं, किंवा ट्रक ओलांडताना: आधी त्याच्या आडोशाला वारा तुटतो, मग तोंडाशी एकदम आदळतो. बाजूचा पत्रा जास्त म्हणून फुल बॉडी सरकते जास्त, आणि आर१५ सारखी हलकी गाडी आणखी. गॅरेजवाल्याचा सल्ला तेवढ्यापुरता खरा.

तो विसरतो ते हे : उघड्या गाडीवर शंभरच्या वेगात छाती मागे ढकलली जाते, आपण मुठींना लटकतो, आणि छातीवरचा सगळा वारा हातांतून हँडलमध्ये उतरतो. म्हणजे आपणच हँडलला बसवलेली काच होतो. फेअरिंग ते ओझं काढून घेते.

गेल्या काही वर्षांत प्रश्न मागच्या बाजूला गेलाय. हिमालयनसारख्या गाड्यांवर उंच काच, मागे टॉप बॉक्स आणि दोन्ही अंगांना पेट्या. मागच्या चाकाच्याही मागे उंचावर ठेवलेला भरलेला डबा पुढचं चाक हलकं करतो, आणि वेगात गाडी संथपणे डुलू लागते. दोष मात्र काचेला मिळतो. गेल्या महिन्यात मी फेअरिंगचा चॅसीवरचा ब्रॅकेट आणला, तेव्हा बिलावर लिहून मिळालं : ‘डूम क्लॅम्प, १ नग’.