पंखावरचा वारा बघायचा कसा?

देवगडला आमच्या घरी तिन्हीसांजेला तुळशीपाशी उदबत्ती लागते. वारा पडलेला असला तर धूर वीतभर दोरीसारखा सरळ चढतो आणि मग एकाएकी विस्कटतो. विमानाच्या पंखावरही असंच घडतं. पुढच्या कडेपाशी हवेचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकतात. हा लॅमिनार, म्हणजे स्तरीय प्रवाह. थोडं मागे थर मोडतात, हवा घुसळते, घर्षण वाढतं आणि इंधन जास्त जळतं. म्हणून थर मोडण्याची ही रेषा जितकी मागे नेता येईल तितकं बरं.

पण ती दिसणार कशी? सगळा खेळ पंखाला चिकटलेल्या काही मिलिमीटर हवेत चालतो. तिथे जाडसर उपकरण बसवलं तर त्यालाच अडखळून प्रवाह मोडायचा.

जुनी युक्ती मला फार आवडते. पंखावर नॅप्थलीनचा, म्हणजे ट्रंकेतल्या डांबरगोळीचा, पातळ पांढरा थर द्यायचा. हवा घुसळते तिथून तो लवकर उडून जातो, शांत प्रवाहाखाली टिकतो. विमान उतरलं की पंखावर नकाशा तयार! मात्र एका उड्डाणात नोंद एकच मिळते.

आता हे काम इन्फ्रारेड कॅमेरा करतो, तेही पंखाला हात न लावता. दिवसभर तापलेलं जांभ्याचं अंगण खारा वारा सुटला की निवतं, तसाच उन्हात तापलेला पंखही निवतो. घुसळणारी हवा उष्णता भराभर ओढून नेते, थरांनी सरकणारी सावकाश. तापमानातला हा बारीक फरक कॅमेरा टिपतो. सप्टेंबर २०१७ मध्ये एअरबसने ए-३४० विमानाच्या दोन्ही पंखांचे टोकाकडचे भाग बदलून ते फ्रान्समधल्या तार्बहून उडवलं आणि असे कॅमेरे पंखांवर रोखले. पंखाचं घर्षण निम्म्यावर आणायचं, हे उद्दिष्ट होतं.

या चित्रांत कधीकधी पाचरीसारखा थंड पट्टा दिसतो. त्याच्या टोकाशी बहुधा चिरडलेला किडा असतो! एवढासा उंचवटा मागचा सगळा प्रवाह मोडतो. किडे चिकटतात ते मुख्यतः जमिनीजवळ, चढता-उतरताना. म्हणूनच २०१५ मध्ये नासाने बोइंग ७५७ च्या पंखावर किडे न चिकटू देणारे लेप लावून, किड्यांचा सुकाळ असलेल्या लुइझियानात उड्डाणं केली.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर आमच्या पडवीतल्या दिव्यावर वाळवीची पाखरं तुटून पडतात, तेव्हा चिपीच्या सड्यावरून उठणाऱ्या विमानाच्या पंखाची ती पुढची कड मला आठवते.