तोंडात पिल्लं वाढवणारा फ्रंटोसा

एखादी मादी दोन दिवस खायला आली नाही की पहिली शंका आजारपणाचीच येते, पण फ्रंटोसा या टाकीत पाळायच्या माशाच्या बाबतीत औषधाची बाटली काढायच्या आधी तिची हनुवटी बघा. गळ्याखालची कातडी जराशी लोंबलेली, तोंड घट्ट मिटलेलं, आणि मधूनमधून काहीतरी चघळतेय असा जबडा हलतोय, एवढं दिसलं की समजायचं तोंडात अंडी आहेत. ती चघळत नसते, अंडी खालीवर फिरवत असते, म्हणजे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी आणि ऑक्सिजन मिळतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती टाकीच्या कोपऱ्यात दगडाआड उभी होती, बाकीचे सगळे खाण्यावर तुटून पडलेले आणि ही जागची हलत नव्हती, समोरून पेलेट, म्हणजे खाण्याची गोळी, खाली गेलं तरी नुसती डोळा फिरवून बघायची.

हा मासा आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातला. जगातला दुसऱ्या नंबरचा खोल तलाव, सगळ्यात खोल जागी जवळपास १४७० मीटर, आणि टांझानिया, काँगो, बुरुंडी, झांबिया अशा चार देशांच्या मधे पसरलेला. सिक्लिड घराण्यातला हा मासा प्राणिशास्त्रज्ञ बोलेंजर यांनी १९०६ मधे शास्त्रात नोंदवला. फ्रंटोसा हे नाव कपाळावरून आलंय, कारण वय वाढेल तसं याच्या डोक्यावर मोठं टेंगूळ येतं, नराला जास्त पण मादीलाही येतं, त्यामुळे नुसतं टेंगूळ बघून नर मादी ठरवू नका. २००३ मधे तलावाच्या दक्षिण भागातले फ्रंटोसे वेगळी जात म्हणून मांडले गेले, त्यांचं नाव सायफोटिलापिया गिबेरोसा. निळे म्हणून ज्यांची एवढी मागणी असते ते बहुतेक हेच. वेगवेगळ्या किनाऱ्यांवरचे प्रकार एका टाकीत ठेवले की ते एकमेकांशी पिल्लं घालतात आणि मग ती पिल्लं नक्की कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून एका टाकीत एकच प्रकार, यात तडजोड नको.

नर ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो, तरी स्वभाव असा की आपल्याच आकाराच्या शेजाऱ्यांशी सहसा भांडत नाही. पण शांत म्हणजे शाकाहारी नाही हं! तलावात हा खोल पाण्यात राहतो, बरेचदा ३०-४० मीटर किंवा त्याहूनही खाली, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात, छोटे मासे अजून सुस्त असतात तेव्हा, अगदी सावकाश तरंगत त्यांच्या जवळ जातो आणि तोंड उघडतो. पाठलाग वगैरे काही नाही. त्यामुळे संध्याकाळी टाकीत सोडलेले छोटे मासे सकाळी मोजताना कमी भरले तर फिल्टरमधे शोधत बसू नका.

याची सगळी निगा त्या खोल पाण्यावरून समजते. तिथे उजेड कमी, म्हणून डोक्यावर झगझगीत लाइट लावला की हे बिचारे दगडाआड दडून बसतात आणि रंगही फिका पडतो, मंद लाइटमधे तेच मासे मोकळेपणी मधोमध येतात. तिथे तापमान वर्षभर फारसं हलत नाही, टाकीत २५-२६ अंश पुरे. पाणी कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेलं, आणि अल्कधर्मी, पीएच (आम्ल-अल्कपणाचा आकडा) ८.६ ते ९ च्या आसपास. टाकीत अगदी तेवढाच आकडा गाठायचा हट्ट नको, ८ च्या वर स्थिर राहिला तरी मासे छान राहतात, पण आज ८.८ आणि उद्या ७.८ हे मात्र त्यांना झेपत नाही. कोरलचा चुरा किंवा अ‍ॅरागोनाइट ही चुनखडीसारखी वाळू घातली की पीएच आपोआप सांभाळला जातो.

आता या पीएचची एक बाजू आहे जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त मासे मरतात असं माझं स्पष्ट मत आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो, पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक अमोनियम जे बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं खरं विषारी अमोनिया, आणि कुठलं किती हे ठरवतो मुख्यतः पीएच. २५ अंशाला पीएच ७ असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का, ८ ला पाचेक टक्के, आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त! म्हणजे टेस्ट किटमधे एकूण अमोनियाचा तोच आकडा दिसला तरी कमी पीएचच्या मऊ पाण्यातला मासा निवांत असेल आणि फ्रंटोसा पाण्याच्या वर येऊन धापा टाकत असेल. मी एकदा फिल्टरचे सगळे स्पंज एकाच दिवशी नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने धुतले, अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यातच गेले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर तोंड करून उभे. अर्धं पाणी बदललं, दोन दिवस खाणं बंद ठेवलं, तरी एक मादी गेली. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुते आणि एका वेळी एकच.

हेच गणित नवीन मासा पिशवीतून आणताना लागतं. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात दबून राहतो. मग आपण पिशवी उघडून तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी त्यात सोडत बसलो तर वायू उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच पाण्यात मासा उभा असताना ते विष होतं. अशा वेळी बंद पिशवी टाकीत तरंगवून तापमान जुळवायचं आणि मासा लवकर टाकीत घ्यायचा, पिशवीतलं पाणी टाकून द्यायचं.

टाकी किमान ६ फुटी, साधारण ५०० लिटर, आणि त्यात एक नर आणि चार पाच माद्या. लहान असताना नर मादी कळत नाही, म्हणून आठ दहा पिल्लं एकत्र वाढवून नंतर जास्तीचे नर काढणं हाच सोपा मार्ग. पण हा मासा अतिशय सावकाश वाढतो, प्रजननाला यायलाच तीन वर्षं सहज जातात, आणि नीट ठेवला तर २० वर्षं जगतो. लवकर मोठा व्हावा म्हणून कोंबून खायला घालू नका. बीफ हार्टसारखं (गुरांचं हृदय) प्राण्यांचं चरबीवालं खाणं नकोच, पेलेट बुडणारे द्या, कारण तरंगणाऱ्या पेलेटबरोबर हे हवा गिळतात आणि मग तिरके तरंगत राहतात.

अंडी घालण्याचा कार्यक्रम इतका शांतपणे होतो की बरेचदा आपल्याला कळतच नाही. नर मादीला दगडाखालच्या वाळूतल्या जागेकडे नेतो, पर मिटून अंग थरथरवतो, मादी एक दोन अंडी टाकते आणि लगेच तोंडात उचलते. अंडी पिवळसर, छोट्या वाटाण्याएवढी, इतर माशांच्या मानाने खूपच मोठी आणि म्हणून संख्येने कमी, वीस ते पन्नास, पहिलटकरीण असेल तर त्याहूनही कमी. मोठा बलक म्हणजे आठवडेच्या आठवडे पुरणारी शिदोरी, पिल्लू बाहेर पडतं ते चांगलं दोन सेंटीमीटरचं. अंडी हवी असतील तर सिनोडोंटिस मल्टिपंक्टाटस हा ठिपक्यांचा कॅटफिश टाकीत ठेवू नका. तो त्याच तलावातला कोकीळ आहे, दुसऱ्याच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो आणि त्याची पिल्लं आधी फुटून मादीच्या तोंडातच तिची पिल्लं खातात.

बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात मादीचं तोंड उघडून पिल्लं काढून घेतात. पहिल्या वेळी घाबरून सगळं गिळून टाकणाऱ्या मादीसाठी ते समजू शकतं, पण दरवेळी करू नये असं मला मनापासून वाटतं. १९९१ मधे जपानी संशोधकांनी तलावातल्या माद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या माद्या पिल्लं तोंडात असताना अन्न घेतात आणि ते पिल्लंसुद्धा तोंडातच खातात असं दिसलं. म्हणजे ते तोंड नुसता पाळणा नाही, तिथे जेवणही चालू असतं. म्हणून चौथ्या आठवड्यापासून मी मादीसमोर अगदी बारीक केलेलं खाणं पाण्यात सोडते, ती एरवीसारखी झडप घालत नाही, नुसतं तोंड किंचित उघडून पाणी आत ओढते.

चार ते सहा आठवड्यांनी पिल्लं सुटतात. त्याआधी तिला स्पंज फिल्टरच्या वेगळ्या टाकीत हलवायचं, तेही लाइट बंद असताना, जाळीऐवजी मोठ्या डब्याने, कारण जाळीत धडपडली तर ती पिल्लं थुंकते. सुटलेली पिल्लं पहिल्या दिवशीच आईबापासारखे काळे पट्टे घेऊन तळाशी बसलेली असतात, आणि लगेच ताजे फुटलेले ब्राइन श्रिम्प, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खातात. मादीला मात्र आठवडाभर वेगळंच राहू द्या, खाऊन पोट भरल्यावरच कळपात सोडा, नाहीतर अशक्त मादीला नर आणि बाकीच्या माद्या कोपऱ्यात दाबतात.