ली-एनफिल्डला नवा दस्ता लावला की नेम सुधारतो?

अमेरिका-कॅनडात कोणी सरप्लसमधली (लष्कराने विकून टाकलेली) जुनी ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची रायफल, घेतली की सल्ला ठरलेला, प्लास्टिकचा दस्ता बसव, दोन स्क्रू पिळले की झालं, नेमपण सुधारेल. तसं नसतं हो. या रायफलचं लाकूड मुळात अखंड नाहीच, मागचा दस्ता वेगळा नि पुढचं लाकूड वेगळं, आणि नंबर १ मार्क ३ या मॉडेलमध्ये (आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात पण हीच बनायची) दस्त्याच्या आतून जो लांब बोल्ट जातो त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, त्यामुळे ते लाकूड न उतरवता बोल्ट फिरवलात की लाकूड चिरलंच समजा. आधी पुढचं काढा, मग मागचं.

राहिला नेम. गोळी सुटल्याचा धक्का झेलतो पुढच्या लाकडाचा मागचा भाग, तिथे बसणी सैल असेल तर नव्या कोऱ्या दस्त्याने काय होणार, गोळ्या पसरणारच. ईशापूरवाले पुढच्या लाकडात आडवा स्क्रू मारायचे, ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यात धक्का झेलायच्या जागी तांब्याचे तुकडे बसवायचे, ते काय शोभेला? आणि नंतरच्या नंबर ४ मॉडेलचं पुढचं लाकूड नंबर १ ला बसत नाही, फोटोत कितीही सारखं दिसू दे.