उपवास व फराळ : इंदूरची मराठी रीत

इंदूरच्या मराठी घरांत पाळले जाणारे उपवास, त्या दिवशी चालणारे-न चालणारे पदार्थ आणि त्याला जोडून येणारे चातुर्मासाचे खाण्यापिण्याचे नेम. मूळ रीत देशावरची. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. त्या काळात आणि त्याआधीही कारकून, भिक्षुक, शिलेदार आणि सावकार दक्षिणेतून माळव्यात आले, तेव्हा देवघराबरोबर ही रीतही आली. पुढे दोनशे वर्षे ती हिंदीभाषक शेजारात राहिली, म्हणून आज ती पुण्याच्या रितीची तंतोतंत नक्कल नाही. एकादशीला इथली मराठी माणसेही सहज ‘ग्यारस’ म्हणून जातात, वऱ्याच्या तांदळाला दुकानात ‘मोरधन’ म्हणूनच मागावे लागते, आणि ‘फरियाली’ (उपवासाला चालणारे) हा शब्द तर घरातलाच झाला आहे. त्याची एक सोयही आहे : मराठीत ‘फराळ’ म्हटले की दिवाळीचा की उपवासाचा हे विचारावे लागते, ‘फरियाली’त तो घोळ नाही.

दोन पंचांगे. इंदूरच्या उपवासाचे खरे वैशिष्ट्य पानात नसून भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. मराठी महिना अमावास्येला संपतो (अमान्त), माळव्यातला पौर्णिमेला (पूर्णिमान्त). शुद्ध पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाला मात्र महिन्याचे नाव बदलते. त्यामुळे तिथीला केलेले व्रत एकाच दिवशी येते. मराठी माघ वद्य चतुर्दशी ही शेजाऱ्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, पण महाशिवरात्र एकच. अडचण येते ती महिनाभराच्या व्रतांत. शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, मराठी घरातला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. समोरच्या घरात सावनचे दोन सोमवार होऊन जातात तेव्हा इकडे अजून आषाढच चालू असतो. जी मराठी घरे मांसाहार करतात आणि फक्त श्रावण पाळतात, त्यांची ‘गटारी’, म्हणजे दिव्यांची अमावास्या, शेजाऱ्यांच्या ऐन सावनात, हरियाली अमावास्येलाच पडते. मग खिडक्या लावून रस्सा शिजवावा लागतो. उलट रक्षाबंधनानंतर शेजारी मोकळे होतात आणि मराठी घराचे आणखी दोन आठवडे उरतात. उज्जैनच्या महाकालाची सवारी श्रावणाबरोबर भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातल्या सोमवारीही निघते, त्याचे कारण मराठी पंचांगाशी जोडले जाते. त्या पंधरवड्यात मराठी श्रावणच असतो. ज्या घरात सासू एका पंचांगाची आणि सून दुसऱ्या, तिथे श्रावण दीड महिन्याचा.

काय चालते. धर्मशास्त्रात एकभुक्त (दिवसातून एकदा जेवणे), नक्त (रात्रीच जेवणे), अयाचित (न मागता मिळेल ते खाणे) आणि पूर्ण उपवास असे प्रकार आहेत. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टीही सांगितल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य (यज्ञाला चालणारे अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. आजचा बराचसा फराळ यातल्या ‘मुळे’ या एका शब्दातून आत शिरला आहे. साबुदाणा कसाव्याच्या कंदाच्या पिठीचा. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, देशातला साबुदाणा मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमचा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिकेतून आलेले. वांगे इथलेच, भारताच्याच मातीतले, पण ते चालत नाही. सुरण आणि अरवी मात्र जुनी. हिवाळ्यात माळव्यात निघणारा गराडू हाही कंदच, म्हणून घरी तळून सैंधव, मिरपूड आणि लिंबू लावला की उपवासाला चालतो. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, त्यावर जीरावन हा माळवी मसाला पडतो, त्यात धने-हिंग असतात, तिथे गाडी अडते.

मसाल्यांची यादी घरोघर वेगळी असली तरी साधारण अशी : जिरे, आले, हिरवी मिरची, मिरे, वेलदोडा चालतात, मोहरी, मेथी, हळद, हिंग चालत नाहीत. हिंगाला निदान कारण आहे, बांधणीच्या हिंगात पीठ मिसळलेले असते. कोथिंबिरीवर एकमत नाही. मिठाबाबत शेजारी कडक : त्यांना सैंधवच लागते, कित्येक मराठी घरांना रोजचे मीठ चालून जाते. उलट शेजाऱ्यांकडच्या कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पुऱ्या पुष्कळ मराठी आज्यांच्या यादीत अजून बसलेल्या नाहीत.

खिचडी. घरची मराठी खिचडी अशी : साबुदाणा धुऊन, वर बोटभरही पाणी राहणार नाही असा रात्री भिजवायचा, सकाळी दाणा चिमटीत सहज चिरडला पाहिजे. तुपात जिरे-मिरची, बटाट्याच्या फोडी, मग दाण्याचे कूट चोळलेला साबुदाणा, आणि झाकण ठेवून दोन वाफा. इंदुरी खिचडी फोडणीवर होत नाही. राजवाड्याभोवतीच्या गाड्यांवर उकळत्या पाण्यावर मोठे पातेले ठेवलेले असते, त्यात भिजवलेला साबुदाणा नुसत्या वाफेवर शिजत असतो, दाणा दाणा सुटा आणि काचेसारखा. गिऱ्हाईक आले की वाडग्यात तेवढाच काढून त्यात मसाला, बारीक मिरची, कोथिंबीर, तळलेले दाणे आणि लिंबू, चमच्याने खडखड हलवून द्रोणात, वर बटाट्याच्या काड्यांचे फरियाली मिक्स्चर. मऊ आणि कुरकुरीत एकाच घासात येते. चवीला घरच्यापेक्षा सरस, हे कबूल करावे लागते. काही जण पातेल्यात चिमूटभर हळदही घालतात. पिवळी खिचडी दिसली की म्हाताऱ्या बायका न बोलता पुढच्या गाडीकडे वळतात.

पोहे-जिलेबीवर दिवस सुरू करणाऱ्या या शहरात उपवासाची पहिली खूण म्हणजे सकाळचे पोहे नाहीत. उरलेला दिवस पुष्कळांना ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असाच जातो.

सात्त्विक म्हणजे काय. फराळ सात्त्विक असतो असे गृहीत धरले जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात (श्लोक 8 ते 10) केलेली वर्गवारी मात्र पदार्थांच्या नावांनी नसून गुणांनी आहे. सात्त्विक अन्न रसाळ, स्निग्ध, टिकाऊ बळ देणारे, मनाला रुचणारे. राजस ते अति तिखट, आंबट, खारट, अति गरम, जळजळ करणारे. तामस ते ‘यातयाम’, म्हणजे शिजवून प्रहर उलटलेले, शिळे, उष्टे. हा निकष लावला तर मिरची-लिंबाची राजवाड्यावरची खिचडी राजस ठरते, आणि पाकिटातला फरियाली चिवडा यातयाम. कांदा-लसणाचे नावही या श्लोकांत नाही. ती बंदी स्मृतींची. आयुर्वेदात तर लसूण रसायन (शक्तिवर्धक औषध) म्हणून गौरवलेला आहे. मराठी घरात आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी, थालीपीठ आणि भरली वांगी खाऊन कांदा-लसणाला चार महिन्यांची रजा मिळते. मंदसोर-नीमचच्या लसणाच्या मंड्या इतक्या जवळ आणि लसणाची शेव कोपऱ्याकोपऱ्यावर, त्यामुळे हा नेम इथे पुण्याहून अवघड आहे.

औषधी बाजू. चरकसंहितेत लंघनाचे (शरीर हलके करण्याचे) दहा प्रकार दिले आहेत. उपवास त्यांपैकी एक, पाचन हा दुसरा. सुंठ, मिरे, पिंपळी (त्रिकटू), जिरे, ओवा यांची जागा पाचनात. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने पोट रिकामे ठेवणे आणि अग्नी चेतवणे ही भावंडे. साबुदाणा या हिशेबात बसत नाही : तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नगण्य, 100 ग्रॅमला सुमारे 350 कॅलरी. मधुमेह्याची साखर त्याने झटकन चढते, आणि औषध घेऊन निर्जळी केली तर ती धोकादायक उतरते. राजगिरा आणि मोरधन त्या मानाने शहाणे. पोटाला खरी विश्रांती मिळते ती द्वादशीच्या पारण्याला : मऊ भात, मुगाचे वरण, तूप, आल्याचा तुकडा. आदल्या दिवशीचे साबुदाणावडे ज्याने जास्त खाल्ले असतील त्याला सकाळी आधी ओवा आणि मीठ.

संकष्टी. महिन्याचा हा उपवास इंदुरात खूप पसरलेला. सकाळी खजराण्याच्या गणपतीला रांग, रात्री चंद्रोदयानंतर मोदक किंवा नुसते वरणभात. मुंबईत छापलेल्या कॅलेंडरातली मुंबईची वेळ इथे उपयोगाची नाही. इंदूर जवळजवळ 3 अंश पूर्वेला, म्हणून रेखांशाच्या हिशेबाने चंद्र सुमारे 12 मिनिटे आधी उगवतो. मुंबईची लेक फोनवर ‘अजून वेळ आहे’ म्हणते तेव्हा इकडे आईचा नैवेद्य दाखवून झालेला असतो. भाद्रपदात ढग असले तर गच्चीवर जाऊन पूर्वेकडे हात जोडायचे, घड्याळ पाहायचे आणि पाने घ्यायची.