सीतेची वेणी

ऑर्किडेसी (आमर) कुलातील एक अपिवनस्पती (दुसऱ्या झाडाच्या केवळ आधाराने वाढणारी). शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. प्रसार भारत, श्रीलंका व नेपाळपासून इंडोनेशिया, फिलिपीन्सपर्यंत. कोकण-सह्याद्रीत ती आंबा, फणस, ऐन यांच्या खोडांवर वाढते व साधारणतः मे-जूनमध्ये फुलते. आसामचे हे राज्यपुष्प असून बिहू नर्तकी ते केसांत माळतात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला एपिडेंड्रम वंशात ठेवले, त्यास डच अधिकारी ऱ्हेडे यांच्या मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टुस मलाबारिकुस’च्या बाराव्या खंडातील (सु. १६९३) चित्राचा आधार होता. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे यांनी १८२५ मध्ये ऱ्हिंकोस्टायलिस वंश स्थापिला, तरी एकोणिसाव्या शतकातील उद्यानसाहित्यात ती बराच काळ सॅकोलेबियम या दुसऱ्या वंशनामानेच आढळते. प्रदेशागणिक दिसणारे फरक पाहून काहींनी तिच्या वेगळ्या जाती कल्पिल्या. ती एकच, बरीच बदलणारी जाती मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

घरी लावताना माती वापरीत नाहीत. मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण (व्हेलामेन) असते. कोरडे असता ते रुपेरी दिसते आणि भिजताच आतील हिरवा रंग उमटतो. पाणी केव्हा द्यावे हे त्यावरूनच ठरवावे. मुळे सतत ओली राहिल्यास कुजतात, म्हणून लाकडी जाळीची टोपली व कोळशाचे मोठे तुकडे पुरतात. अंगणात खरबरीत सालीचे झाड असल्यास रोप त्यालाच सुतळीने बांधणे सर्वांत उत्तम. नारळाचे सोडण कोकणच्या पावसाळ्यात फार काळ ओल धरते.

हिवाळी विश्रांतीविषयी मतभेद आहेत. थंड देशांतील काचगृहांच्या अनुभवावरून काही लेखक या काळात पाणी जवळजवळ तोडण्यास सांगतात. सह्याद्रीतही पावसाळ्यानंतर कित्येक महिने कोरडेच जातात, पण तेथे पहाटेचे दव मिळते. शिवाय या वनस्पतीला पाणी साठविणारे छद्मकंद (फुगीर खोडे) नसतात. साठा काय तो जाड पानांत. त्यामुळे पाणी कमी करावे, बंद करू नये. पाने सुरकुतली म्हणजे कोरड जास्त झाली.

प्रकाश भरपूर पण गाळलेला हवा. गर्द सावलीत पाने वाढतात, फुले येत नाहीत. पावसात शेंड्यात पाणी साचू देऊ नये. मुळे दुखावलेले रोप पुढचा बहर चुकवते. म्हणून जागा बदलायचीच असेल, तर नवीन मुळांची हिरवी टोके दिसू लागल्यावर बदलावी.

बियांत भ्रूणपोष (गर्भाचा अन्नसाठा) नसतो आणि निसर्गात त्या कवकाच्या (बुरशीच्या) साहाय्याने रुजतात, त्यामुळे बी पेरून घरी रोपे होत नाहीत. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त आगरवर (समुद्रशैवालापासूनच्या जेलीवर) कवकाविना आमरांचे बी रुजविले; रोपवाटिकांतील प्रयोगशाळा-पद्धतीचा पाया तोच. जंगलातून रोपे ओरबाडण्याऐवजी अशीच रोपे घ्यावीत.